आत काडी, बाहेर भाकरी

शिमग्याच्या दिवशी सकाळी मी ट्रंकेच्या तळाशी हात घातला, हाताला लागलं ते लुगडं बाहेर ओढलं आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकलं. एवढीच माझी चूक. त्यामागचा विचार अगदी सरळ होता. वापरातली लुगडी वर असतात, जुनी झालेली खाली जातात आणि गोफाला जुनं लुगडं द्यायचं असतं. बायका तळाशी जपून ठेवायच्या वस्तू ठेवतात, हे लग्नाला तीन वर्षं होऊनही मला कुणी शिकवलं नव्हतं.

बायको तेव्हा झऱ्यावर गेली होती. जाताना तिनं काहीतरी सांगितलं होतं आणि मी "हं" म्हटलं होतं. दाढी करताना मी सगळ्यालाच हं म्हणतो. ती काय म्हणाली होती ते मागाहून कळलं: "गोफाचं माणूस येईल. दोरीवरचं तांबडं द्या." तांबडं लुगडं अंगणातल्या दोरीवर वाळत होतं, विटलेलं, काठ उसवलेलं. मी दिलं ते हिरवं शहापुरी. तिच्या वडलांनी लग्नासाठी स्वतः शहापूरच्या पेठेत बसून निवडलेलं. वडील पुढच्याच वर्षी गेले. शिवाय चार दिवसांनी खानापुराकडे तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि तिथे ती तेच नेसणार होती.

आमच्या घरात ही गोष्ट अजून निघते. मुलं ती लुगड्यासाठी काढतात, बापाला हसायला मिळतं म्हणून. मी ती सांगतो वेगळ्या कारणासाठी. त्या संध्याकाळी आठ पोरांनी जे केलं ते बघून माझी वाचा बसली होती, आणि मास्तराची वाचा बसणं ही काही लहान गोष्ट नव्हे. हवं तर माझ्या बायकोला विचारा.

जोयड्याच्या डोंगरात, दिग्गीकडे जाणाऱ्या वाटेवर एक लहानसं गाव होतं. तालुक्याला तेव्हा सुपा म्हणत. तिथे मी मास्तर होतो. एक खोली, एक मास्तर, चार इयत्ता. मी खानापूरकडचा, दोन बुकं जास्त शिकलेला, म्हणून मला वाटे की या रानातल्या लोकांना शिकवायला आपण आलो आहोत. गावकरी भात पिकवत, कंदमुळं लावत, लाकूडतोडीच्या कामाला जात आणि माझं सगळं म्हणणं मान डोलावून ऐकून घेत. ऐकून घेणं आणि पटणं यांत फरक असतो, हे कळायला मला बराच काळ लागला.

शिमग्याला देवळापुढे गोफ घालायची चाल होती. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन सागवानी खांबांवर आडवी तुळई. तुळईच्या मध्यावर आठ घरची आठ लुगडी पीळ देऊन बांधायची आणि खाली सोडायची. एकेका लुगड्याचं टोक एकेकानं धरायचं. चौघांनी नदीच्या बाजूनं गोल फिरायचं, चौघांनी रानाच्या बाजूनं, म्हणजे समोरासमोर येत. दोघांची गाठ पडली की एकानं दुसऱ्याच्या लुगड्याखालून, मध्याच्या, म्हणजे आतल्या अंगानं निसटायचं. दुसऱ्यानं बाहेरून जायचं. कुणी कधी आत आणि कधी बाहेर, हे ठरलेलं. ते बरोबर जमलं की वर तुळईखाली लुगड्यांची वेणी उतरू लागते. त्या गावची वेणी साधी नव्हती. धामणीच्या पाठीवर असते तशी खवल्याखवल्यांची वीण उमटायची. मग तीच पावलं उलटी टाकत जायचं आणि वेणी सोडवायची. घालणं हा अर्धा गोफ. सोडवला की पुरा.

हे सगळं एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं. त्याला सारा गाव आज्जा म्हणे. तो ओरडून सांगायचा आणि गडी नाचायचे. त्या वर्षी शिमग्याच्या पंधरा दिवस आधी आज्जा शाळेच्या पायरीवर येऊन बसला.

"मास्तर, औंदा गोफ न्हाई."

"का बरं?"

"आठ गडी लागत्यात. पाच दांडेलीकडं कामाला ग्येल्यात. एकाचा पाय मोडलाय. ऱ्हायलं दोघं. दोघांनी गोफ घालत्यात व्हय?"

"मग पोरं घ्या की. माझ्या शाळेतली आठ देतो."

आज्जा हसला, पण त्या हसण्यात माझा मान काही वाढला नाही. "ह्यो गोफ शिकाया मला चार शिमगं लागलं, मास्तर. आणि तवा मला मिसरूड फुटलं हुतं."

"पंधरा दिवसांत तयार करतो," मी म्हणालो.

असली वाक्यं माझ्या तोंडून परस्पर निघून जातात. मला ती मागाहून ऐकू येतात.

आज्जा पायरीवरून उठला. मग म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. घातल्याला गोफ दिस बुडायच्या आत सोडवाया लागतोय. न्हाई सुटला तर कोयता घालायचा. आणि एकदा कापला की त्या गावात परत गोफ बांधत न्हाईत. वरच्या वाडीचा तसाच ग्येला, माझ्या बापाच्या वक्ताला."

मी "हं" म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन आज्जाच्या मागे लागलो. आधी त्याला खुर्चीत बसवून विचारलं, तर त्याला काही आठवेना. त्याची विद्या पायांत होती. उभा राहून चालायला लागला की भराभरा सांगायचा, थांबला की संपलं. मग तो पुढे चालतोय आणि मी मागे लिहितोय, अशा आम्ही देवळाभोवती फेऱ्या घातल्या. कुत्री भुंकायची. सात पानं झाली. 'पहिल्या गड्याने दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गड्याच्या वस्त्राखालून प्रवेश करून' वगैरे. लिहून झाल्यावर मी ती सात पानं बायकोला वाचून दाखवली. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "मला झोप आली. पोरांचं काय व्हायचं?"

पोरांचं वाईट झालं. शाळेमागच्या फणसाच्या फांदीला केवणी नावाच्या झुडपाच्या सालीच्या आठ दोऱ्या बांधल्या होत्या. चौथीतला एक मुलगा माझी पानं मोठ्यानं वाचायचा आणि आठजण फिरायचे. 'प्रवेश करून' हे शब्द येईपर्यंत दोघांची कपाळं एकमेकांवर आपटलेली असायची. आठांपैकी तिघं पहिलीत होती, त्यांच्या हाती पान द्यावं तर जोडाक्षरं येत नव्हती. दोन मुली होत्या, त्यातली एक सात वर्षांची. ती आणि तिचा तिसरीतला भाऊ, दोघंही आठांत होती. त्यांचा बाप गावातला ढोलवाला, हात जड. ढोलावर जड आणि पोराच्या पाठीवरही जड. चार दिवसांत आमचा एकही गोफ वीतभर उतरला नाही. फणसाखाली नुसता दोऱ्यांचा गुंता लोंबत होता आणि येणारीजाणारी माणसं तो बघून काही न बोलता पुढे जात होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाहेर आलो, तर पोरं पाट्या घेऊन बसलेली. पाटीवर अक्षर एकही नाही. उभ्या रेघा आणि गोल.

"हे काय?"

"गोफ, गुरुजी."

"गोफ कुठाय? ह्या तर नुसत्या रेघा."

तो तिसरीतला मुलगा मला समजावून सांगू लागला, मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं. "ही काडी. काडी म्हंजे आत. काडी कशी, बारीक फटीतनं जाती. ही भाकरी. भाकरीला ऐसपैस जागा लागती, म्हंजे ती बाहीरनं. आता वाचा. काडी काडी भाकरी, काडी भाकरी भाकरी..."

त्याची पाटी त्याच्यापुरती, बहिणीची तिच्यापुरती. कुणाला दुसऱ्याचं काही ठाऊक असायची गरज नाही. एक गाठ पडली, एक खूण वाचली, पुढे. माझ्या सात पानांच्या जागी आठ पाट्या आणि प्रत्येकीवर सोळा खुणा. पहिलीतल्या पोरांनाही वाचता येत होतं. सात वर्षांच्या मुलीनं आणखी एक गंमत शोधली होती. "गुरुजी, आमची गाठ पडती तितं दादाची काडी आसली की माझी भाकरीच आसाया पायजे. दोगांची काडी आली तर कुनीतरी चुकलंय." म्हणजे पाटी तपासायचीही सोय त्यांनी करून ठेवली होती. मी तांबड्या शाईची दौत घेऊन उभा होतो आणि मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परवा बेळगावात शिकणारा माझा भाचा सांगत होता की परदेशांत गणितं करणारी मोठमोठी यंत्रं निघाली आहेत, खोलीएवढी. त्यांना माणसाची भाषा कळत नाही, फक्त दोन खुणा कळतात, आणि सगळं काम त्या दोन खुणांत मांडून द्यावं लागतं. तो हे अशा थाटात सांगत होता की मी ऐकून थक्क व्हावं. मी म्हणालो, "आत काडी, बाहेर भाकरी." त्याला वाटलं, मामाचं वय झालं.

सोडवण्याच्या वेळी मात्र मी माझी हुशारी दाखवलीच. म्हणालो, "आता उलटं जायचं. म्हणजे पाटी शेवटाकडून वाचायची, आणि काडी तिथे भाकरी, भाकरी तिथे काडी." ती सात वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, घरात ज्या दारानं आत ग्येलो, भाईर बी त्याच दारानं याचं न्हवं?"

मी क्षणभर विचार केला. बरोबर होतं. वाट उलटी, दार तेच. पाटी शेवटाकडून वाचायची, पण खुणा त्याच. माझं ऐकलं असतं तर वेणी सुटायच्या ऐवजी दुप्पट झाली असती.

दहाव्या दिवशी पोरांनी फणसाखाली गोफ घातला आणि सोडवला. आज्जा बघायला आला होता. आठ दोऱ्या सुट्या होऊन वाऱ्यावर हलायला लागल्या, तशी त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं, पुन्हा बांधलं आणि म्हणाला, "पाटीवर माझं पाय लिवलंसा की रं."

शिमग्याच्या दिवशी दुपारी सारा गाव देवळापुढे. मी नवं धोतर नेसून पुढे उभा. तुळईला आठ लुगडी बांधलेली: पिवळं, जांभळं, दोन तांबडी, तीन निळी, आणि मधोमध एक हिरवं. उन्हात ते असं चमकत होतं की मलाही कौतुक वाटलं. कुणाचं असेल हे? कुठल्या घरानं इतकं चांगलं दिलं?

मग मी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. माझी बायको त्या हिरव्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं नवं धोतर एकदम जुनं वाटायला लागलं. मी तुळईकडे एक पाऊल टाकलं, पण ढोल सुरू झाला होता. देवापुढं बांधलेलं लुगडं मधेच सोडत नाहीत. हिरव्याचं टोक त्या सात वर्षांच्या मुलीच्या मुठीत होतं.

आठ पोरं, गळ्यात आठ पाट्या. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पाऊल, प्रत्येक गाठीला एक नजर पाटीवर, आणि आत किंवा बाहेर. फणसाखाली केवणीच्या दोऱ्या होत्या, रंग नव्हता. त्यामुळे काय घडतंय ते मी तोवर खरं पाहिलंच नव्हतं. आता वरून वेणी उतरू लागली. पिवळ्यावर जांभळं, जांभळ्याखालून हिरवं, आणि बघता बघता एक एक खवला उघडत धामणीची पाठ खाली येत होती. कुणीही ती बनवत नव्हतं. प्रत्येक पोर फक्त आपली पुढची एक खूण वाचत होतं. तरी वर ते सगळं जुळत होतं. मी लुगडं विसरलो, बायको विसरलो. शेजारी आज्जा उभा होता, त्याचे पाय जागच्या जागी हलत होते.

सोळावी खूण झाली. ढोल थांबला. पोरं पाणी प्यायली. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्या तिसरीतल्या मुलाची पाटी कोरी होती. कोरी म्हणजे अगदी काळीभोर, कोळशानं घासून लख्ख.

"अरे, खुणा कुठं गेल्या?"

"आयनं धुतली."

"धुतली?"

"देवाम्होरं जायाचं न्हवं? मला न्हाऊ घातलं, मग पाटीला बी."

त्या माउलीचं काय चुकलं? पाटी स्वच्छ ठेवा, असं मीच दर सोमवारी ओरडत होतो. "मग तू नाचलास कसा?"

"ध्यानात हुतं."

"कुठं चुकलं तर नाही ना?"

"न्हाई, गुरुजी," तो आपल्या पायांकडे बघत म्हणाला. बहीण शेजारीच होती. तिनंही पायांकडेच पाहिलं. मी वही उघडली, तीत उतरवून ठेवलेल्या त्याच्या सोळा खुणा काळजीपूर्वक पुन्हा पाटीवर उतरवल्या आणि मनात म्हटलं, बरं झालं वेळेवर माझं लक्ष गेलं. माझी पाठ मी स्वतःच थोपटायची वेळ आली की काहीतरी बिघडणार हे मी आता ओळखतो. तेव्हा ओळखत नव्हतो.

ढोल सुरू झाला, हळू लयीत. पोरं उलटी निघाली. पहिल्या पाच खुणा लोण्यासारख्या सुटल्या. सहाव्या खुणेला वेणीनं किंचित अंग मुरडलं. सातवी. आठवी. आणि गोफ थांबला. पोरं ओढतायत, वर गाठ आवळतेय. हिरवं लुगडं पिवळ्याभोवती असं गुंतलं की दोन्ही तारेसारखी ताठ झाली.

"थांबा! ओढू नका!" मी ओरडलो आणि पाट्या तपासल्या. आठही पाट्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. काडीसमोर भाकरी, भाकरीसमोर काडी. एकही चूक नाही. पुन्हा पाहिल्या. देवळाच्या फरशीवर खडूनं आकृती काढली, तिच्यावर बाण काढले, बाणांवर आकडे घातले आणि शेवटी मला माझीच आकृती कळेना. आठही पाट्या खऱ्या आणि गोफ खोटा, हे कसं?

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. आज्जा कुणाला तरी काही बोलला. माणूस गेला आणि कोयता घेऊन आला. आज्जानं तो घेतला नाही, नुसता बाजूला पायरीवर ठेवायला लावला.

"मास्तर," तो म्हणाला, "आजून थोडा येळ हाय. पर घालायचाच झाला तर हिरव्यावरच घालाया लागंल. गाठ त्याच्यातच हाय."

मी बायकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

तेवढ्यात हिरव्याचं टोक धरून उभी असलेली ती मुलगी रडायला लागली. आवाज न करता, नुसत्या धारा. आज्जा तिच्यापुढे खाली बसला.

"काय गं बाय?"

"दादाला मारनार न्हाईसा न्हवं?"

आज्जानं ढोलवाल्याकडे पाहिलं. ढोलवाल्यानं टिपरू ढोलावर ठेवलं आणि हात मागे घेतले, तसा आज्जा तिला म्हणाला, "द्येवाच्या दारात कोन मारतंय? बोल."

"एका जागी दादा भाकरीनं आला. माजी बी भाकरीच हुती. आता धडकनार, म्हनून मी काडी झाले."

माझ्या डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळ लागला. म्हणजे गोफ घालताना त्या दोघांनी एक गाठ चुकीची घातली होती, आणि मी सोडवायला बरोबर पाटी लिहून दिली होती. चुकीच्या वेणीला बरोबर पाटी. माझी एवढी सुबक, वेळेवर लिहिलेली पाटीच गाठ मारत होती.

"कुठल्या जागी गं? कितवी खूण?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

सोळा खुणांतली कोणती? मी पुन्हा खडू उचलला. तर तो मुलगा, ज्याची पाटी धुतली होती तो, नाक पुसत म्हणाला, "गुरुजी, पाटीला कशाला इचारतासा? लुगड्याला इचारा की."

"म्हणजे?"

"पाटी पुसली जाती. लुगडं कुटं पुसलं जातंय? आमी जसं ग्येलो तसंच हाय त्ये वर."

मी ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं मनात घोळवलं आहे. तेव्हा मात्र मी खडू हातात धरून नुसता उभा होतो. पोरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांची आपसांत बोलाचाली सुरू झाली होती.

"आदी पुडं जायाचं. आता तीन गाठी नव्या पडल्यात."

"तीन न्हाईत, दोन."

"तीन रं. सातवी, आठवी, आनी ती मुरडली ती सहावी."

"व्हय, तीन. ढोल नगो. हळू."

पोरं पुढे चालली, म्हणजे घालताना चालली होती त्याच दिशेनं. एक. ताठ झालेली लुगडी थोडी सैल झाली. दोन. तीन. गाठ नाहीशी होऊन पुन्हा वेणी दिसायला लागली. मग सगळी माना वर करून थांबली. तुळईखाली वेणीच्या टोकाशी दादाचं पिवळं वर होतं, बहिणीचं हिरवं खाली.

"तुजी पाटी काय म्हंती?"

"भाकरी."

"मग हिरवं वर पायजे हुतं. खाली हाय."

"हितंच. हितंच मी काडी झाले."

"मग आता बी काडीच हो."

ती हिरवं टोक धरून भावाच्या लुगड्याखालून आत शिरली. भाऊ बाहेरून गेला. आणि वर, काहीच न होता, ती गाठ सुटली. अगदी साधी. मुठीतून पाणी निसटावं तशी.

मग एक गोष्ट झाली, ती मी कधी विसरणार नाही. पोरांनी पाट्या गळ्यातून पाठीवर फिरवल्या. आठांनी. कुणी कुणाला सांगितलं नाही. आता ती वर बघत होती. वेणीचं टोक बघायचं, कुणाचं लुगडं वर, कुणाचं खाली, आणि तसं जायचं. जोडाक्षरं न येणारी पहिलीतली पोरंसुद्धा. ढोल नव्हता, झांज नव्हती, नुसता पावलांचा आवाज. खालच्या खवल्यापासून वरच्या खवल्यापर्यंत ती धामण उलगडत गेली. आणि गावातली सगळी माणसं, ज्यांनी जन्मभर गोफ पाहिला होता ती, पहिल्यांदाच पाहावा तशी तोंडं उघडी टाकून वर बघत होती. मी पोरांना खुणा वाचायला शिकवलं असं लोक पुढे म्हणत. मी शिकवलं नाही. खुणा त्यांनीच काढल्या, आणि खुणा संपल्या तिथेही पुढचं त्यांनाच दिसलं.

शेवटची गाठ सुटली तेव्हा नदीपलीकडच्या डोंगराआड सूर्य अर्धा गेला होता. आठ लुगडी वेगवेगळी लोंबत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ढोलवाला उठला, मुलाजवळ गेला. मुलानं खांदे आकसले. बापानं त्याच्या गळ्यातली पाटी काढली, बघितली आणि आपल्या जड हातानं स्वतःच्या गळ्यात घातली. आज्जानं कोयता उचलून तो आणणाऱ्या माणसाला परत दिला आणि मला म्हणाला, "मास्तर, पुढच्या शिमग्याला मी मेलो तरी चालतंय."

"मेलात तर गोफाला लुगडं कुणाच्या घरचं घ्यायचं? आमच्या घरचं तर आता मिळायचं नाही," मी म्हणालो. तो हसला. या वेळी माझा मान थोडा वाढला असावा.

बायकोनं हिरवं लुगडं सोडून घेतलं, घडी करून काखेत मारलं आणि आम्ही घरी निघालो. दोरीवरचं तांबडं लुगडं अंगणात अजून लोंबत होतं. त्याच्याकडे तिनं पाहिलं, मग माझ्याकडे. मी तांबड्याकडे पाहिलंच नाही.

घरात आल्यावर तिनं शहापुरी खाटेवर पसरलं. फाटलं कुठेच नव्हतं. पण अंगभर पिळाच्या तिरक्या चुण्या पडल्या होत्या, आणि टोकाला, पदराच्या कडेला, गुलालानं माखलेल्या एका लहान मुठीची पाची बोटं उमटली होती. चार दिवसांवर लग्न. मी घाईघाईनं बादली उचलली. म्हटलं, "मी धुऊन देतो. आत्ताच्या आत्ता. लख्ख."

तिनं त्या पाच बोटांवरून एकदा हात फिरवला.

"नको," ती म्हणाली. "एक पाटी धुतली तर एवढं रामायण झालं. आता हे बाई कुणी धुवू नका."